कुठं न विचारणारे आतोबा

दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून जन्मभर झटणारा माणूस घरच्यांना किती त्रास देऊ शकतो, याचा उभ्या निजामी मुलखातला उच्चांक आमच्या आतोबांच्या नावावर होता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. धाराशिवच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं तरी ते "काय दाखवू?" असं विचारत नसत. न जाणो, बिचारा नुसता सावलीला टेकला असेल, विचारलं तर त्याला उगाच काहीतरी घ्यावं लागेल! मग गिऱ्हाईक बसे, आतोबा बसत, आणि पुष्कळ वेळ असा एकमेकांचा मान राखून झाला की गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जाई. आजकाल माझा नातू फोन कानाला लावतो तो पहिलाच शब्द उच्चारतो, "कुठंयस?" तो ऐकला की मला आतोबांची आठवण होते, आणि हा माणूस या काळात जगता तर दिवसाकाठी किती वेळा घेरी येऊन पडला असता, या विचाराने मन हेलावून जातं.

कुणाच्या घरी गेले तर ते कडी वाजवत नसत. आतलं माणूस जेवत असेल, निजलं असेल, भांडत असेल. पायरीखाली उभं राहून हलकंसं खाकरायचं, एवढंच. एकदा एका वकिलांच्या दारात ते सकाळपासून असे खाकरत उभे होते. वकील मागच्या दाराने कचेरीत गेले आणि संध्याकाळी पुढच्या दाराने परतले, तर आतोबा तिथेच. "अरे, कधी आलात?" "हे काय, आत्ताच," आतोबा म्हणाले, आणि वकील थकून आले असतील म्हणून काम न सांगताच घरी परतले. नवीन वहाणा करकरतात, तर लोकांच्या कानाला ताप नको म्हणून तेलात भिजवून त्या महिनाभर आपल्याच परसात घालून फिरत. सर्व्हिस मोटारीत खिडकीतून पिचकारी मारणाऱ्या पानवाल्यांचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. बोलायचं तर नाही, म्हणून ते प्रवासात एक पत्र्याचा डबा बाळगत आणि पान खाणाऱ्यापुढे अदबीने धरत, "तकलीफ माफ." एका गृहस्थाने त्यात मनसोक्त थुंकून डबा झाकण लावून आपल्याच पिशवीत टाकला. पुढे तोच गृहस्थ पुन्हा मोटारीत भेटला. आतोबांनी डबा मागितला नाही. "वशाळल्यागत हुईल त्याला," म्हणाले, आणि दुसरा डबा विकत आणला.

पण जगातल्या सगळ्या गैरवर्तनांचा राजा म्हणजे, त्यांच्या मते, बाहेर निघालेल्या माणसाला "कुठं?" विचारणारा. आपल्याकडे हा शब्द अपशकुनीच मानतात. "कुठं" म्हटलं की काम कुठल्या कुठं जातं. शहाणा माणूस "लांब का?" एवढंच विचारतो. इतर लोक असला शब्द कानावर आला तर मनातल्या मनात चरफडतात आणि पुढे जातात. आतोबा परत फिरत. घरी येऊन पगडी काढत, पाय धूत, गुळाचा खडा तोंडात टाकून घोटभर पाणी पीत, जरा टेकत, आणि नव्याने निघत. कोपऱ्यावर पुन्हा कुणी विचारलं की पुन्हा पगडी, पुन्हा पाय, पुन्हा गूळ. आत्या म्हणायची, "ह्येंच्यापायी गुळाची ढेप पुरंना झालीया." करोडगिरीच्या, म्हणजे निजामी जकातीच्या, नाक्यावरचा जवान तर "किधर जा रहे?" असं विचारायलाच बसलेला. त्यावर आतोबांचा निवाडा असा, की उर्दूतला "किधर" बाधत नाही. "त्यो सरकारी सवाल हाय. शकुनाला मराठीच कळतंय."

मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आलो तो दिवस मला चांगला आठवतो. मोटार अड्ड्यावर घ्यायला कुणीच नव्हतं. वळकटी आणि ट्रंक डोक्यावर घेऊन, घामाघूम होऊन मी दारात पोचलो, तर आतोबा उंबऱ्यात वहाणा घालत होते. माझ्या तोंडून सहज निघालं, "काय आतोबा, कुठं निघालात?" त्यांनी वहाणा काढल्या. आत जाऊन पगडी खुंटीला लावली. आत्याने कपाळावर हात मारला. "अरं बाबा, तुलाच आणाय निघालं हुतं की! सकाळधरनं चौथ्यांदा!" मी समोर उभा असूनही आतोबांनी गूळ खाल्ला, ते पाणी प्याले, जरा टेकले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हं, आता काम झालं." त्या दिवसापासून मी त्यांचा लाडका झालो, कारण इतक्या झटकन फळलेला शकुन त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांची मुलगी नंदा लग्नाची होती. तिची दोन स्थळं आतोबांच्या सभ्यपणातच वाहून गेली होती. मुलगी बघून गेलेल्यांकडे उत्तर मागायला ते जातच नसत. "त्येंच्या मनात नसंल तर? मानसाला अडचणीत गाठू ने." तिकडे त्या लोकांना वाटे, मुलीच्या बापालाच गरज नाही. तिसरं स्थळ सास्तूरचं आलं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा शेती बघणारा, आणि मुख्य म्हणजे तो येऊन गेल्यापासून नंदा चुलीपुढे बसून उगाचच हसत होती. पाडव्याच्या आत काय ते ठरलं नाही तर मुलाचा मामा आपली मुलगी पुढे करणार, अशी कुणकुण लागली. तेव्हा आत्याने गाडी जुंपायला लावली आणि मला बरोबर दिलं. म्हणाली, "ह्येंच्या तोंडातनं शब्द फुटला न्हाय, तर तू बोल. तुझं तोंड न्हायतरी उघडंच असतंय."

कुणी "कुठं" म्हणू नये म्हणून आम्ही गावाच्या मागच्या अंगाने, काट्याकुट्यांतून बाहेर पडलो. दुपारी बेंबळीच्या विहिरीवर बैल सोडले, आणि बघतो तर समोरच्या लिंबाखाली सास्तूरचे यजमान, म्हणजे मुलाचे वडीलच बसलेले! त्यांचीही गाडी सोडलेली.

"शरणार्थ!" आतोबांनी हात जोडले.

"शरणार्थ, शरणार्थ! या, बसा सावलीला."

मला वाटलं, देवच पावला. आता इथेच सुपारी फुटणार. पण दोघांनी आपापली शिदोरी सोडली, चटणी एकमेकांना वाढली, आणि बोलणं सुरू झालं ते पाऊसपाण्यावर.

"औंदा करडी बरी हाय म्हनायची."

"बरी हाय. पर जवारीनं दगा दिला."

"खिलारी हायती का बैल?"

"न्हाय, घरच्या गाईचं."

मी आतोबांच्या कानाशी लागलो, "विचारा की." "काय इचारू?" "ते कुठं—" माझ्या तोंडावर त्यांचा तळहात बसला. शुभकामाला निघालेल्या माणसाला तो शब्द! तेवढ्यात माझी नजर सास्तूरकरांच्या गाडीत गेली. गाठोड्याच्या तोंडातून हिरवा खण आणि नारळाची शेंडी डोकावत होती. माझी अक्कल अशा वेळी बैलापेक्षा जोरात धावते. मी आतोबांना बाजूला घेऊन सांगितलं, "झालं! ह्यांचं दुसरीकडं ठरलं. साखरपुड्याला निघालेत बघा." आतोबांचा हातातला घास तसाच राहिला. नंदाचं हसणं त्यांनीही बघितलं होतंच. पण उठताना त्यांनी त्या माणसाला काय म्हणावं? "लांब का?"

"हां, जरा लांबच," सास्तूरकर म्हणाले. "तुमी?"

"आमीबी जरा लांबच."

त्यांची गाडी एका दिशेला गेली, आमची दुसऱ्या. वाटेत मी दोनदा "परत फिरू का?" म्हटलं. "न्हाय," ते म्हणाले, "ह्या खेपेला त्येंच्या घरच्यांच्या तोंडातनं 'न्हाय' ऐकून घितल्याबिगर फिरायचं न्हाय. पोरीचा जीव हाय त्यात." उभ्या आयुष्यात उत्तर मागायला निघालेले ते असे एकदाच.

सास्तूरला दारात मुलाची आई उभी. त्या बाजूला कानडीचा वारा लागतो. "बर्री, बर्री! या की!" म्हणाली आणि आमच्या मागे बघू लागली. "मालक न्हाईत आलं? त्ये तुमच्याच घरला गेल्यात की, खण-नारळ घिऊन! वाटंत गाठ न्हाय पडली?"

"पडली," आतोबा म्हणाले.

"मग?"

"बोललो की."

"काय बोललासा?"

"पावसाचं."

त्या बाईने पदर तोंडात कोंबला, पण हसू मावेना, तेव्हा खाली बसून हसली. "आमचं मालकबी असलंच! मला रोज वाटायचं, ह्येंच्यासारका दुसरा जल्मलाच नसंल." मग डोळे पुसून उठली आणि आमच्यापुढे गूळ-पाणी ठेवत म्हणाली, "पोरगी आमची झाली, दादा. आता पावसाचं बोला खुशाल." इकडे धाराशिवला आत्याने खण-नारळ ओटीत घेऊन तेच केलं होतं. लग्न दोन बायकांनी ठरवलं. परतताना बेंबळीच्या विहिरीवर दोन्ही गाड्या पुन्हा समोरासमोर आल्या. आता तरी हे दोघे मिठी मारतील म्हणून मी डोळे भरून बघत होतो. सास्तूरकर लाजून म्हणाले, "आभाळ आल्यागत वाटतंय." आतोबा म्हणाले, "वाटतंय खरं."

नंदा सास्तूरला गेली आणि आतोबांना बेंबळीच्या बाजाराचं वेड लागलं. व्याहीही तिथे येत. "पोरगी सुखात हाय का?" असं विचारणं म्हणजे त्यांच्या घरावर संशय घेणं, त्यामुळे आतोबा विचारत नसत. व्याह्यांच्या शिदोरीतली भाकरी तेवढी मागून घेत. भाकरी थापताना शेवटी काठाला करंगळी दाबायची नंदाला लहानपणापासून सवय. तो ठसा दिसला की आतोबा निवांत चटणीत घास बुडवत. घरी येऊन आत्याला एवढंच सांगत, "बोट हाय."

मग रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. बाजार उठले, वाटा बंद झाल्या, सास्तूरकडची खबर येईना. आत्याने अन्न कमी केलं. आतोबा दुकानात फळी अर्धी लावून बसत. पोलीस अ‍ॅक्शन झाली, वाटा मोकळ्या झाल्या, आणि पहिल्याच बाजाराला आम्ही बेंबळी गाठली. लिंबाखाली व्याह्यांची गाडी होती. दोघे बसले. व्याह्यांनी शिदोरी सोडली, आतोबांनी भाकरी हातात घेतली, फिरवून बघितली, पुन्हा फिरवून बघितली. काठ कोरा होता. त्यांनी भाकरी खाली ठेवली. माझं कायम उघडं असणारं तोंड त्या दिवशी मिटलं होतं.

व्याही बैलांकडे वळले. मग तिकडेच बघत म्हणाले, "सूनबाईला चुलीम्होरं बसू देत न्हाय आमची मालकीण. सातवा सरत आला."

आतोबांनी ती भाकरी उपरण्यात बांधली आणि आम्ही निघालो. घरी आत्याने गाठ सोडली, काठावरून बोट फिरवलं, आणि ती मटकन खाली बसली. "सासूच्या हातची हाय," आतोबा घाईघाईने म्हणाले, "आपल्या पोरीला चुलीम्होरं बसू देत न्हायती ती. सातवा सरतोय." आत्याने पदराने डोळे पुसले, भाकरी निखाऱ्यावर शेकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिचे तीन तुकडे केले. चुलीची सवय मोडलेल्या विहीणबाईंची ती भाकरी जाड होती, मधे कच्ची, एका अंगाला करपलेली. आम्ही तिघांनी ती खाल्ली, आणि आतोबांनी ताटात पडलेला चुरासुद्धा बोटाने टिपून घेतला.