नाव खोडलेले बायोडाटे

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या मालतीबाई साड्यांना फॉल लावतात आणि पोरापोरींची लग्नंही. खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांचे बायोडाटे गेली बावीस वर्षं त्यांच्याच फाइलीत जमतात. शाळा सातवीपर्यंत, पण समज अशी की भल्याभल्या वकिलांना पाणी पाजेल.

परवा त्यांच्याकडे भूपेंद्र आला. ओळखीतलाच, हुशार, लग्न जुळवणाऱ्या एका ॲपच्या कंपनीत लागलेला. त्याला फाइलीतल्या तीनशे मुलींची माहिती हवी होती.

"मावशी, नाव, फोन, पत्ता, फोटो सगळं खोडतो. मग ती कुणाची खासगी माहिती राहतच नाही. कायद्यात बसतं."

मालतीबाईंच्या डोळ्यांपुढे कविता आली. मारकुट्या नवऱ्यापासून सुटलेली, दुसऱ्या स्थळाच्या आशेनं नाव नोंदवलेली. घटस्फोट झाला तरी तो तिचा माग काढत फिरत होता. ती इच्छापोरच्या कारखान्यात लागलीय हे बाईंनाच ठाऊक होतं, आणि ते तिच्या बायोडाट्याच्या कागदावर लिहिलेलं होतं.

बाईंनी वाद घातला नाही. फाइलीतून एक कागद काढला, नावपत्त्यावर फॉलची पट्टी ठेवली आणि पुढे केला. "वाच ना भाऊ."

खानदेशी बायोडाट्यात मामाच्या गावाला फार मान. भूपेंद्रनं तिथूनच सुरुवात केली. "मामाकुळ थाळनेर. वडील लूमवर मास्तर. मुलगी नर्स. साखरपुडा मोडला, कारण..."

पुढचं त्याच्यानं वाचवेना. "हाई तं मनी बहीण शे," तो हळूच घरच्या अहिराणीत म्हणाला. बहिणीचा, योगिताचा, हा कागद दोन वर्षांपूर्वी त्यानंच आणून दिला होता.

"नाव कोठे शे त्यावर?" मालतीबाईंनी विचारलं. "ज्यावरथीन मानूस वळखू येस, ते त्यानंच."

कायद्यातली व्याख्याही जवळपास हीच: ज्यावरून माणूस ओळखता येतो, ती त्याची खासगी माहिती. कंपनीच्या प्रशिक्षणात भूपेंद्रनं ती घोकली होती; अर्थ आज कळला.

"मावशी, एवढा एक कागद परत द्या."

"ली जाय. पण बाकीन्या पोरीस्ना भाऊ आज आठे बसेल नहीत. त्यास्नासाठे मी बसेल शे."

भूपेंद्रनं योगिताचा कागद फाइलीतच ठेवला. तिथूनच कंपनीला फोन करून सांगितलं, इथली माहिती मिळणार नाही.

कविता त्या वेळी इच्छापोरला नेहमीसारखी कामावर होती. तिला यातलं काही कळलं नाही, आणि मालतीबाईंनी कळू दिलंही नाही.