पायाळूची लाथ

नातवाच्या कमरेत उसण भरली, म्हणून सून लसूण घालून तेल कढवतेय. त्या वासासरशी मी पाय पदराखाली ओढून घेतले.

मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. आमच्या लाथेनं उसण जाते म्हणतात. इंग्रजांच्या काळात होटगी स्टेशनच्या मालधक्क्यावर कापसाच्या गासड्या उचलून हमालांची पाठ आखडली, की ते आमच्या दारात पालथे पडायचे. एकदा माझे वडीलच तसे वाकडे होऊन आले.

"आप्पा, पाप लागंल."

"हाण की. गाडी भरायची ऱ्हायलीय."

मी पाय नुसता टेकवला. ते उठले, "गेली बग," म्हणाले आणि भिंत धरून धक्क्याकडे निघाले.

तेव्हा मला फक्त माझ्या पायाचा गुण दिसला होता. आता त्यांचा भिंतीवरचा हात दिसतो, आणि एका जागी बसवत नाही.