जमिनीला विचारून फोडणारे किसनमामा

फरशी फोडायची गोष्ट म्हटली की तुम्ही हंड्याची वाट बघणार. मोहरा, नाग, कायतरी. आत्ताच सांगतो, हंडा निघाला नाही. सापळाही नाही. हवं तर पान उलटा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मुरुडला सरकीच्या जुन्या गोदामात आमचं ऑफिस उघडलं. मी नवा कारकून. टेबलं आली, शिक्के आले, पाणी मात्र नव्हतं. दुष्काळच तसा होता. टँकर रस्त्यावर थांबायचा आणि टाकी मागच्या अंगाला. मधली गोदामाची कांक्रीटची जमीन फोडून पाइपासाठी चर खणायला किसनमामांना बोलावलं.

साठीचा माणूस, वाळल्या शेंगेसारखा. घण उचलायच्या आधी मामा पालथे पडायचे, जमिनीला कान लावायचे आणि म्हणायचे, "कोन हाय का खाली? फोडायलोय. सरका." मग उत्तराची वाट बघायचे. दर हातभर जागेला हेच.

"मामा, खाली कोन ऱ्हातंय?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? तुमी वर ऱ्हायला आलाव, तवा कुनाला इचारलं व्हतं?"

मला नकलांचा नाद. दोन दिवसांत मामांचा घोगरा आवाज, बोलण्याच्या शेवटचा खोकला, सगळं उचललं. साहेबांचा चहा सांडला हसून हसून. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मामा भिंतीजवळ पालथे पडले. मी भिंतीपलीकडे मोरीच्या भोकाला तोंड लावलं आणि मामांच्याच आवाजात म्हणालो, "हाय मी. हळू मार."

हसू दाबत आत गेलो. मामा उभे होते, चेहरा सिमेंटसारखा. "हितं न्हाई," एवढंच बोलले. साहेबांनी कामावरून काढीन म्हणून दम दिला. "काढा," मामा म्हणाले, आणि चर चार हात लांबून वळवला.

दुसऱ्या दिवशी त्या वळणावर पहार घातली तर कडेची माती सरकन आत गेली. काळं भोक पडलं. त्यातून गार, कुबट वारा आला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. खाली जुना आड होता. वर लाकडं टाकून कांक्रीट ओतलेलं, आणि लाकडं कुजलेली. मामा पालथे पडले होते ती जागा बरोबर त्याच्या तोंडावर. तिथं घण पडला असता तर मामा जमिनीसकट गेले असते. मी खडा टाकला. तो पडल्याचा आवाज अजून यायचाय.

मी फुगलो. मामांना गाठून म्हणालो, "मोरीतनं मीच बोललो व्हतो. माझ्यामुळं वाचलाव तुमी."

मामा तंबाखू मळत होते. "वळखलं की. मी येवढा खोकत न्हाई."

"मग उठलाव कामून?"

"तुझ्या आधी खालून बोललं व्हतं."

मला हसू आलं. मामा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

"दात काढू नको. 'हितं नको' म्हणलं, आन् पुढं कायतरी सांगायलं व्हतं. तेवढ्यात तू तोंड घातलंस. दुसरा बोलत आसला की मधी बोलायचं न्हाई, येवढं बी शाळेत शिकवलं न्हाई का रे तुला? आता त्ये काय सांगत व्हतं, कुनाला इचारू मी?"