खर्चात की बचतीत

गोंदियातली आमची राइस मिल बाहेरच्या कंपनीने घेतली तेव्हा मी चाळिशीची होते. मिलच्या ऑफिसात धानाची आवक-जावक लिहायचे. त्या पगारावर मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं, दुसरी नगद मिळकत घरात नव्हती.

नव्या कंपनीने पुनर्रचनेचा इंग्रजी कागद पाठवला. मॅनेजरने तो माझ्यापुढे टाकला. म्हणाला, "मॅडम, लोगों को समझा दो. डरने की बात नहीं है."

कागदावर दोनच गोष्टी होत्या: एकदाच करायचा खर्च आणि त्यामुळे दरवर्षी होणारी बचत. खर्चात तांदूळ निवडायचं मशीन होतं आणि काढलेल्या माणसांची भरपाई. भरपाईची रक्कम अगदीच लहान. जेवणाच्या सुटीत मी तसं सांगितलं तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भरपाई थोडी, म्हणजे माणसं थोडीच जाणार, असं मलाही वाटलं. तांदूळ निवडणाऱ्या बायांची मुकादमीण म्हणाली, "दोन-चार म्हातारे जातीन. तसेही झोपूनच राह्यतेत."

जेवण झाल्यावर मी बचतीचा आकडा नीट पाहिला. दोन-चार पगारांतून एवढी बचत होत नाही. मग ती येणार कुठून? ज्यांना काढताना काहीच द्यावं लागत नाही, त्यांच्यातून.

म्हणजे आमच्यातून. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की आम्ही बाया मिलमधून हिशेब चुकता करून घ्यायचो, घरच्या शेतात, बांधीत धान रोवायचो आणि रोवणी आटोपली की पुन्हा कामावर लागायचो. नुसती सुटी मागितली तर आठवडाही मिळत नसे. हे मिलने लादलेलं नव्हतं, आम्हीच मागून घेतलेलं. गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या सासरच्या शेतीसाठी मीही दरवर्षी तेच केलं. कागदोपत्री आम्ही सगळ्या दर पावसाळ्यात नव्याने लागलेल्या; सलग वर्ष कुणाचंच भरलेलं नाही, म्हणून भरपाईही नाही.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्याने बसायला सांगितलं, मी बसले नाही. मी खर्चात आहे की बचतीत, एवढंच विचारलं. त्याने पेनचं टोपण लावलं.

"बचत में," तो म्हणाला. "अभी किसी को बोलना मत."

दाराबाहेर मुकादमीण उभी होती. "काऊन वो मॅडम, तोंड काऊन असं झालं?"

मी सांगून टाकलं. मघाशी बोलले ते चूक होतं. म्हातारे बहुतेक राहतील, ते पक्के आहेत, त्यांना काढायचं तर भरपाई द्यावी लागते. निवडणाऱ्या बाया जातील.

तिला आधी थट्टा वाटली. ती हसली आणि माझ्याकडे पाहून थांबली.

"तुमीबी?"

"मीबी."

ती तिथेच पोत्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसले.