लाल कशीस आणि माझे पांढरे हात

लाल कशीस दिसायला फार देखणी. डाळिंबाच्या दाण्यांसारखे खडे. मूठभर टाकले की हौदभर पाणी पिवळंजर्द. काताच्या पाण्यात उकळलेलं कापड त्यात बुडवलं की रंग धाग्याला असा चिकटतो की उन्हापावसाला दाद देत नाही. चामडं कमावायला ती लागते, आगकाड्यांच्या गुलातही लागते. माणसाच्या कातडीलाही ती तशीच धरते, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लढाईच्या दिवसांत खाकी कापडाची मागणी एवढी वाढली की धुळ्याच्या एका रंगशाळेनं माझ्यासारखा, जळगावचा, दोन वर्षं कॉलेजात रसायनं शिकलेला माणूस नोकरीला ठेवला. काचेची उष्णतामापक नळी घेऊन मी गेलो. तिथे तिला कोणी विचारेना. विचारत ते आबांच्या नाकाला. आबा पिढीजात रंगारी. काताची कढई उतरवायच्या आधी दोन बोटं पाण्यात बुडवायची, नाकपुड्यांपाशी न्यायची, डोळे मिटून श्वास ओढायचा आणि म्हणायचं, "आजून कच्चं शे." मग माझी नळी काहीही सांगो, चुलीत आणखी लाकडं जात. वाईट म्हणजे आबा चुकत नसत.

कशिसीचं पहिलं पीप फोडलं तेव्हा आत इंग्रजीत छापलेला कागद निघाला. विषारी. जखमेला लागू देऊ नये, धूळ नाकात जाऊ देऊ नये, हात साबणानं धुवावेत, तेल आणि लाकडाच्या भुशापासून दूर ठेवावं.

आबांनी विचारलं, "भाऊ, काय लिखेल शे?"

"वजन लिहिलंय. आणि कुठून आलं ते."

कागद घडी करून मी खिशात घातला.

मालकांनी गप्प राहायला सांगितलं होतं, असं मी घरात इतकी वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी कागद पाहिलाही नव्हता. माणसं घाबरून पळाली तर ठपका माझ्यावर येईल, ही भीती होती. पण तीही अर्धीच गोष्ट.

रंगाऱ्यांत हात घासून धुण्याची रीत नव्हती. पांढऱ्या हाताच्या रंगाऱ्याला कोण काम देणार? कोपरापर्यंत चढलेला रंग घेऊनच ते भाकरीला बसत. मी मात्र खडे लाकडी पळीनं काढी, नाकाला धोतराचा सोगा लावी आणि दिवसातून दहादा साबणानं हात धुई. त्यावरून माझी थट्टा होई.

"दखा, भाऊना हात दखा! नवी नवरीना हात शेत!"

"मेंदी लाई द्या रे त्यासले!"

आबाही हसत. मीही हसे.

महिन्याभरात त्यांच्या बोटांच्या पेरांवर भोकं पडू लागली. गोल, खोल, पंच मारल्यासारखी. दुखत नसत, म्हणून कोणी तक्रार करीना. "हातले डोया फुटनात," हाताला डोळे फुटले, असं म्हणत आणि हळद-तेल लावून पुन्हा हौदात हात घालत. आबांची सवय कातापुरती होती तोवर पिढ्यान्‌पिढ्या निर्धोक होती. आता तीच दोन बोटं ते कशिसीच्या हौदातही बुडवत आणि नाकाशी नेत. आधी रक्त येऊ लागलं. मग खपल्या. मग श्वास घेताना नाकातून बारीक शीळ वाजू लागली. मधला पडदा फुटला होता. पोरं त्या शिळेची नक्कल करत. कागद माझ्या ट्रंकेत होता.

एक दिवस आबांनी काताच्या कढईत बोटं बुडवून नाकाशी नेली आणि तसेच उभे राहिले. पुन्हा बुडवली. पुन्हा श्वास ओढला. नुसती शीळ वाजली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"भाऊ, तुमनी नळी काय म्हनस?"

त्या क्षणी मला आनंद झाला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी नळी उजेडात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं. त्यानंतर कढया माझ्या शब्दावर उतरू लागल्या. आबा थोडे दिवस कोपऱ्यात घड्या घालत बसले, मग यायचे थांबले.

यंदा मी त्यांच्या घरी गेलो, तो कागद घेऊन. सुनेनं दोन कप चहा आणून ठेवला. मी शब्दन्‌शब्द मराठीत वाचून दाखवला आणि म्हणालो, "त्या दिवशी मी वजन सांगितलं, आबा. हे लिहिलं होतं."

दोन बोटं चहात बुडवून आबांनी सवयीनं नाकाशी नेली, मग धोतराला पुसली.

"तुम्ही हात इतला घसी घसी का धोतस," ते म्हणाले, "हाई मी तव्हयच ईचाराले पायजे व्हतं. आम्ही हसत बसनूत."

माझा कप तसाच राहिला. उचलायचा तर पांढरा हात पुढे करावा लागला असता.