घागरीचा नंबर

माझी धाकटी बहीण जन्मात कधी रांगेत उभी राहिली नाही. हे मी कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं, सख्ख्या बहिणीबद्दल जरा जास्तच बोलतेय. जास्त नाही, उलट कमीच सांगते.

आमचं माहेर माण तालुक्यात. उन्हाळ्यात गावाला टँकर यायचा, पण कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून आमच्याकडं रांगेत माणसं थांबायची नाहीत, भांडी थांबायची. शाळेला जाताना मी घागर, कळशी, हंडा असं सगळं देवळापुढं ओळीत मांडून जायचे. याला नंबर लावणं म्हणतात. एकदा भांडं ठेवलं की ती जागा तुमची. मग तुम्ही शाळेत असा, रानात असा, नाहीतर घरी लोळत पडा. टँकर जरा पुढं जाऊन थांबला तर मागची बाई आपल्या भांड्याबरोबर तुमची घागरही उचलून पुढं नेऊन ठेवायची, आणि तीही आपल्या भांड्याच्या पुढंच. दुसऱ्याचा बांध कोरणारी माणसं आमच्या गावात होती, पण दुसऱ्याची रिकामी घागर हलवणारं कुणी मी पाहिलं नाही.

तर नंबर मी लावायचा, टँकर आला की धावत मी जायचं, पाइपाशी भांडण मी करायचं. धाकटी मागनं वेणीबिणी घालून यायची आणि भरलेली कळशी तेवढी डोक्यावर घेऊन घरी जायची. पारावरच्या बायका म्हणायच्या, "धाकटी बगा कशी कामाची हाय!" आयत्या पिठावर रेघोट्या मारणं म्हणजे काय, हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही.

पुढं दोघींची लग्नं झाली. मी कुपवाडला आले. नवरा एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे आणि मी जवळच्याच एका कारखान्यात पॅकिंगला जाते. धाकटी कऱ्हाडजवळ पडली. नदीकाठचा ऊस, दारात गाडी, नवरा फौजेतून सुभेदार होऊन आलेला. एकुलता एक मुलगा सैनिकी शाळेत, म्हणजे होस्टेलवर. घर मोठं आहे आणि खायला उठतं, असं ती फोनवर म्हणते. मला त्यातलं 'मोठं' एवढंच ऐकू येतं. बोलणंही तिचं आता पार शुद्ध झालंय. माझ्या तोंडून 'न्हाई' गेलं की ती हळूच 'नाही' म्हणते, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

मला मुलगी एकच. तिची दहावीची परीक्षा झाली त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. "आक्का, अकरावीला तिला माझ्याकडे पाठव. इथे क्लास चांगले आहेत. वरची खोली तिला देते." नवरा म्हणाला, विचार करू. पोरगी काहीच बोलली नाही. हो नाही की नाही नाही. तिच्या त्या न बोलण्यानं माझी झोप उडाली होती. बहिणीकडं ऊस आहे, गाडी आहे, सगळं आहे, तर असू दे. माझ्याकडं ही एक पोरगी होती, आणि बाईसाहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

मे महिन्यात धाकटीनं मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कला जायचं ठरवलं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि आकाशात उलटीपालटी होणारी गाडी, तीच पोरीला बघायची होती. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मग बहीण, तिचा नवरा, माणातनं आणलेली आमची आई, मी आणि पोरगी असे त्यांच्या गाडीतनं निघालो. घाट उतरताना पोरगी माझ्या कानात म्हणाली, "आई, त्या मोठ्या गाडीत पयल्यांदा आपण दोघीच बसायचं हं." मी फुलून गेले. पुढच्या सीटवर बसलेल्या धाकटीला ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "व्हय, आपण दोघीच!"

तिकिटांचं मी आधीच फोनवर बजावून ठेवलं होतं. आमची आम्ही काढणार, तुझा एक पैसाही नको. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

गेटवर आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून घेतली, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून. स्टीलची पाण्याची बाटली मात्र आईनं सोडली नाही. पोचे आलेली, बुडाला वाकडी झालेली ती बाटली पोटाशी धरून ती आत शिरली. आमच्या मनगटांना हिरव्या कागदाची पट्टी लावली. तेवढ्यात धाकटी खिडकीकडनं दोन सोनेरी पट्टे घेऊन आली. एक तिनं स्वतःच्या हाताला लावला आणि दुसरा माझ्या पोरीपुढं धरला.

"हा फास्ट पास. वेगळी रांग असते, थांबावं लागत नाही."

"आणि मला?" असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"तुझाही काढणार होते आक्का," ती म्हणाली, "पण तूच म्हणालीस ना, आमचं आम्ही काढू. भाचीला मात्र मावशीने काही द्यायचं नाही का?"

तिच्या नवऱ्याला पाठीचा त्रास, तो कशातच बसणार नव्हता. आईनं तो सोनेरी पट्टा बोटांनी चाचपून पाहिला आणि विचारलं, "म्हंजी टँकरवाल्याच्या वळखीचं गिऱ्हाईक म्हणायचं का हे?" जावई हसत म्हणाला, "आवं आई, वळख बिळख न्हाई. जादा पैसं भरलं की झालं."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "आई, जाऊ?"

"जा की. मला काय त्याचं."

तिनं हात पुढं केला. दहावीचा निकाल लागायच्या आधीच माझी पोरगी पास झाली होती, आणि मी आपली हिरवी पट्टी बांधून नापासांच्या रांगेत.

त्या मोठ्या गाडीच्या रांगेपाशी पाटी होती: इथून पुढे दीड तास. लोखंडी कठड्यांतनं रांग अशी वळवळत फिरवली होती, की माणूस तासभर चालूनही तिथंच राहावा. शेजारनं एक मोकळी, सावलीची वाट सरळ वर जायची. माझ्या डोळ्यांदेखत दोघी त्या वाटेनं गेल्या. पोरीनं वळून हात केला. मीही केला. थोड्या वेळानं वरनं किंकाळी आली आणि मी ती लगेच ओळखली. आपल्या पोराची किंकाळी शंभरांत ओळखू येते. मान वर करून पाहिलं तर पोरीनं मावशीचा दंड घट्ट धरला होता. माझं तोंड असं उतरलं की शेजारच्या बाईनं विचारलं, "ऊन लागलं का?" मी म्हणाले, व्हय, ऊनच लागलं.

खाली उतरून त्या परत त्याच वाटेनं वर गेल्या. मध्येच धाकटीनं पोरीचे सुटलेले केस आपल्या क्लिपनं बांधून दिले. त्या केसांना सोळा वर्षं मी तेल लावलंय. मी कठड्याच्या गजाला हात धरून उभी होते आणि मनात बोटं मोडत होते. पाय घसरू दे हिचा, फार नको, थोडासा. हातातला सोनेरी पट्टा तुटू दे. वीज जाऊ दे आणि ही वरच अडकू दे, पण पोरीला खाली उतरवल्यावर.

आईला फार वेळ उभं राहवेना. कठड्याबाहेर झाडाखाली बाक होता, तिथं जावई बसला होता. जायच्या आधी आईनं काय करावं? हातातली बाटली माझ्या मागं रांगेत, फरशीवर ठेवली.

"हे काय गं आई?"

"पोरीचा नंबर."

"अगं, तिच्याकडं पास हाय. तिला कशाला नंबर?"

"असूं दे. लावून ठिवलेला बरा असतुया," ती म्हणाली आणि कठड्याखालनं वाकून बाकावर जाऊन बसली. तिथनं बाटलीवर तिची नजर होतीच.

मी लाजेनं अर्धी झाले. मागं कॉलेजची पोरं होती. त्यातला एक म्हणाला, "ओ काकू, बाटली बसणाराय का गाडीत?" सगळे खिदळले. मी बाटली उचलायला वाकणार, तोच त्यांच्या मागनं एका बाईचा आवाज आला. "हात लावू नगा रं कुनी. नंबर हाय त्यो." बघितलं तर माझ्याहून मोठी, पदर खोचलेली, कडेवर नातू. जतची होती. जतलाही पाणी टँकरचंच. पोरांना काही कळलं नाही, पण आवाजातली जरब कळली. त्यानंतर रांग जरा सरकली की सगळ्यात पुढचा पोरगा पायानं हळूच बाटली पुढं सरकवायचा. शेवटी शेवटी तर ती सगळी खेळात आल्यासारखी ओरडायची, "चला, बाटली पुढं!" आई बाकावरनं मान हलवायची.

वर, गाडीत बसायच्या फाटकापाशी, दोन्ही रांगा मिळतात. तिथल्या पोरानं साखळी लावून आम्हाला थांबवलं, कारण पासवाले आले होते. पुढं धाकटी आणि मागं माझी पोरगी. हातभर अंतरावरनं निघाल्या. एवढं उन्हात तापून वर यायचं, आणि आपल्यासाठी साखळी लावून आपल्याच पोरीला आपल्या पुढनं नेलेलं बघायचं! मी मान फिरवली.

धाकटी जाऊन बसली. शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाली, "ये गं."

पोरगी साखळीपाशी थांबली होती. तिला बाटली दिसली. तिनं बाकाकडं पाहिलं, आजीकडं, मग माझ्याकडं.

"माझा नंबर लावलाय?"

"आजीनं लावला," मी म्हणाले.

ती साखळीखालनं वाकून आली, बाटली उचलली आणि बाटलीच्या जागेवर उभी राहिली. जतच्या बाईनं "आरं वा!" केलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. गाडी सुटली. धाकटी एकटीच होती, शेजारची जागा रिकामी. तिचं तोंड मी नीट बघून घेतलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. जन्मात एकदा तरी घागर तिची रिकामी होती आणि माझी भरलेली.

गाडी परत यायला वेळ होता. पोरीनं माझा हात धरला. मी म्हणाले, "बरं केलंस आलीस. तिकडं करमंना ना?"

"करमत होतं की. पण तिकडं सगळं पटापट होतं. बोलायलाच मिळत नाही." ती बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिली. "तुला एक सांगायचं होतं. म्हटलं, रांगेत उभं राहून नीट सांगावं."

माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"आई, मी मावशीकडं जाते अकरावीला. मला जायचंय. आणि मावशीला तरी कोण आहे गं तिथं?"

या शेवटच्या वाक्यानं माझा जीव गेला. क्लासचं म्हणाली असती, खोलीचं म्हणाली असती, तर मी भांडले असते. माझ्याच पोरीच्या मनात धाकटीसाठी जागा झाली होती, आणि तिथं माझं भांडण चालत नव्हतं.

"चिडलीस?"

"न्हाई."

"मग हात किती जोरात दाबतेस!"

साखळी निघाली. आम्ही दोघी शेजारी बसलो, ठरल्याप्रमाणं. गाडी वर गेली, उलटी झाली, आणि मी ओरडले. पोरगी म्हणते, आई सगळ्यात मोठ्यांदा ओरडत होती. त्या गाडीत एक बरं, बाई कशासाठी ओरडतेय ते कुणी विचारत नाही. खाली उतरल्यावर डोळे पुसले तर वाऱ्यानं पाणी आलं म्हणता येतं.

निकाल लागला, पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि जूनमध्ये मी तिला कऱ्हाडला पोहोचवायला गेले. वरची खोली धाकटीनं सजवून ठेवली होती. टेबल, दिवा, नवे पडदे, पलंगावर फुलाफुलांची चादर. पाण्याची नवी बाटलीसुद्धा होती, गुलाबी. मला एका जागी बसवेना. बघेन त्या वस्तूवर जीव जळत होता. पोरगी खाली सामान आणायला गेली, तेव्हा मी पिशवीतनं आईची पोचे आलेली बाटली काढली. पार्कमधनं आल्यापासनं ती माझ्याकडंच होती. ती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

"आक्का, हे डबडं कशाला इथे?" धाकटी म्हणाली. "नवीन आणलीये की मी." आणि तिनं ती उचलायला हात पुढं केला.

"राहू दे. रिकामीच हाय ती," मी म्हणाले. "तिथनं हलवू नको."

तिचा हात बाटलीपर्यंत गेला आणि थांबला. कितीही शुद्ध बोलली तरी ती त्याच गावची होती. तिनं हात मागं घेतला, पदराला पुसला, आणि किती तरी वर्षांनी आमच्या बोलीत विचारलं,

"नंबर हाय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.