फेटा बांधलेलं रॉकेट

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी लातूरबाहेरच्या एका प्लॉटिंगवरून माणसाच्या उंचीचं रॉकेट उडालं, बरंच वर गेलं आणि शेजारच्या हरभऱ्यात नाकावर पडलं. कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर मथळा होता : 'लातूरच्या विद्यार्थ्यांची अवकाशझेप'. विद्यार्थ्यांनी त्या रॉकेटला हातही लावलेला नव्हता.

ते माझ्या साडूनं बांधलं होतं. तो लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. मी नांदेडला वर्तमानपत्रात आहे. त्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत एवढी लांब नळी आडवी ठेवायला जागा नव्हती, म्हणून काम माझ्या गच्चीवरच्या खोलीत चालायचं. सुटी मिळाली की तो एसटीनं यायचा, चहा घ्यायचा आणि वर जायचा. देशाचे उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटची ती प्रतिकृती होती. पुठ्ठ्याच्या नळीवर त्यानं एकेक जोड, एकेक पट्टी फोटो पाहून उतरवली होती. त्यात दोन हिवाळे गेले.

त्याआधीची छोटी रॉकेटं आम्ही अर्धापूरकडे, केळी काढून मोकळ्या झालेल्या रानात उडवली होती. ती सगळी आतून उघडणाऱ्या हवाई छत्रीला लटकून परत आली. त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. "दाजी, वर काय, दिवाळीतलं बी जातंय. खाली धड येतंय ते रॉकेट." ही प्रतिकृती एकच होती. एकदा उडून ती धड परत यावी, एवढंच त्याला हवं होतं.

क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणतात. ते स्वतः काही शिकवत नाहीत. हा प्रकार ते वर्षभर 'पोरखेळ' म्हणत होते. मग पुण्याच्या कुठल्याशा क्लासचा रॉकेट उडवतानाचा व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आला आणि पोरखेळाचा उपक्रम झाला. मोठी मोटर, म्हणजे रॉकेट वर ढकलणारी दारूची नळी, आणि तिची परवानगी त्यांनीच मिळवली. एवढं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

"मोटर मोठीच घ्या," ते म्हणाले. "बाकीच्या क्लासवाल्यांला आपापल्या गच्चीवरून दिसलं पाहिजे."

रॉकेट पाहायला ते एकदाच आले. खाली चिकटवलेल्या पारदर्शक पंखांवर त्यांची नजर गेली.

"हे कशाला? टीव्हीवर दाखवतेत त्याला कुठं पंख हायेत?"

साडूनं सांगितलं, की खरं रॉकेट यंत्रानं दिशा सांभाळतं, हे पंखांवर सांभाळतं. पंख काढले तर ते मांडवात शिरेल.

सरांनी विचार केला. "मांडवात साहेब बसणारेत," ते म्हणाले. "राहू द्या मग."

साहेब म्हणजे तिथले एक पुढारी. त्यांच्या हस्ते बटण दाबायचं होतं. मुलांना क्लासचे टी-शर्ट घालून रांगेत उभं केलं होतं. जागा मोकळी म्हणून निवडली असं सांगण्यात आलं. प्लॉटिंग सरांच्या मेव्हण्याचं होतं आणि दराचा फलक मांडवाच्या बरोबर मागे, फोटोत येईल असा होता.

आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर आधी सत्कार करतात. साहेबांचा, सरांचा, जागा देणाऱ्या मेव्हण्याचा झाला. फेटे बांधणारा माणूस बसला होता, एक फेटा उरला होता. सरांनी रॉकेटकडे बोट केलं.

"ह्याला बी बांधा. आजचा नवरदेव हाच हाय."

लोक हसले. फेटेवाल्यानं स्टुलावर चढून रॉकेटच्या टोकाला भगवा फेटा बांधला. गुळगुळीत टोकावर कापड ठरेना, म्हणून त्यानं टाचण्या मारल्या. तुरा काढला, शेमला सोडला. काम सुबक होतं. सरांनी त्याच्याशेजारी आपल्या फेट्यासह उभं राहून फोटो काढून घेतले.

"सर, हे काढावं लागेल," साडू म्हणाला.

"काढा की. फोटो झालेत."

रॉकेटचं टोक म्हणजे एक टोपण असतं. वर पोचल्यावर आतली थोडी दारू पेटते, टोपण ढकलून देते आणि छत्री बाहेर पडते. म्हणून टोपण किती घट्ट हवं याचा नियम आहे : रॉकेट उलटं धरलं तर गळू नये, हातानं ओढलं तर निघावं. साडू उड्डाणाआधी दर वेळी ते ओढून पाहतो.

फेटेवाल्यानं फेटा उतरवला. "मोकळं केलं बघा," म्हणाला. साडू स्टूल घेऊन पोचेपर्यंत पुरोहितानं हळदकुंकू वाहिलं होतं आणि नारळ फुटला होता.

साडूनं टोपणाकडे हात नेला. सरांनी मनगट धरलं.

"आता न्हाई. पूजा झाल्यावर हलवत नसतेत."

"एकदा ओढून बघतो फक्त. दोन सेकंद."

"साहेब थांबलेत. आन् अपशकुन आमच्या दारात नको. तुम्ही सायन्सवाले, तुम्हाला न्हाई कळायचं."

साडूचा पगार सर देतात. त्यानं हात मागे घेतला.

साहेबांनी बटण दाबलं. रॉकेट सरळ गेलं. पंखांनी आपलं काम केलं. ते ठिपका होईपर्यंत मुलं ओरडत होती. मग वर पांढरा धूर दिसला. छत्री दिसली नाही. ठिपका मोठा होऊ लागला. साडू माझ्या शेजारी उभा होता. "टोपण," एवढंच म्हणाला.

आवाज हरभऱ्यातून आला. निवेदकानं माइकवर जाहीर केलं, "यशस्वी लँडिंग." टाळ्या पडल्या. सर साहेबांना म्हणाले, "एकदम टार्गेटवर." टार्गेट काय होतं, ते कुणी विचारलं नाही. पुढच्या बॅचच्या प्रवेशाची घोषणा झाली आणि लोक नाश्त्याकडे वळले.

आम्ही दोघं हरभऱ्यात गेलो. नळीच्या चिंधड्या झाल्या होत्या. पंख दोन ठिकाणी सापडले. छत्री घडी घातलेली, आतच होती. साडूनं टोपण मातीतून उकरलं. नळीचा वरचा तुकडा त्याला धरून होता. त्यानं तो ओढला. निघाला नाही. त्यानं माती पुसली.

टोपण आणि नळी यांच्यातून आरपार गेलेली, पांढऱ्या मण्याची एक टाचणी होती.